किल्ल्या कुणी दिल्या? दोन महायुद्धांमधल्या हुकूमशाह्यांबद्दल

प्रश्न असा आलाय: "पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मधे युरोपात एवढ्या देशांत एकदम हुकूमशाही कशी काय आली? नोट्समध्ये पाच कारणं दिलीत, व्हर्सायचा तह, महामंदी, कम्युनिझमची भीती, दुबळी लोकशाही आणि प्रभावी नेतृत्व. एवढं पुरेसं आहे का?"

मी गेली चोवीस वर्षं बीएच्या मुलांना आधुनिक युरोप शिकवते. ही पाच कारणं मी स्वतः फळ्यावर लिहिलीयत आणि पेपर तपासताना तर किती वेळा वाचलीयत त्याची मोजदादच नाही. ती चुकीची नाहीत, परीक्षेत मार्कही मिळतील, पण त्यांनी प्रश्न सुटत नाही हे मला शिकवायला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. मंदी तर सगळीकडेच होती, इंग्लंडात होती, बेल्जियममध्ये होती, अमेरिकेत तर सुरूच झाली. व्हर्सायचं म्हणाल तर इटली आणि पोर्तुगाल हे दोन्ही देश जिंकलेल्यांच्या बाजूला बसले होते. आणि तारखा बघा ना, इटलीत मुसोलिनी आला १९२२ ला, स्पेनमध्ये प्रिमो द रिव्हेरा १९२३ ला, पोलंडमध्ये पिल्सुडस्की मे १९२६ ला आणि त्याच महिन्यात पोर्तुगालमध्ये लष्कर. वॉल स्ट्रीट कोसळलं १९२९ च्या ऑक्टोबरात. म्हणजे मंदी यायच्या आधीच चार ठिकाणी काम झालेलं होतं.

म्हणून आता मी वर्गात एकच प्रश्न घेऊन बसते आणि प्रत्येक देशाला तोच विचारते. त्या दिवशी सही करायचा अधिकार कुणाकडे होता, आणि त्याने ती का केली किंवा का नाही केली? हुकूमशहा दार तोडून आत आला असं चित्र आपल्या डोक्यात असतं, पण जवळपास प्रत्येक ठिकाणी दाराची किल्ली कुणीतरी आतून दिलेली आहे, आणि देणारा माणूस बहुतेक वेळा जुना, प्रतिष्ठित, कायद्याने वागणारा असाच होता.

इटलीचं बघा. "रोमवर मोर्चा" म्हटलं की मुलांना वाटतं काळ्या शर्टवाल्यांनी, म्हणजे मुसोलिनीच्या फॅसिस्टांनी, रोम जिंकलं. १९१९ च्या निवडणुकीत मिलानमध्ये, म्हणजे मुसोलिनीच्या स्वतःच्या बालेकिल्ल्यात, त्यांना पाच हजारसुद्धा मतं पडली नव्हती, एकही जागा नाही. १९२१ ला ३५ जागा आल्या त्या कशा, तर जोलित्ती या मुरलेल्या लिबरल पंतप्रधानाने त्यांना आपल्या आघाडीच्या यादीत घेतलं म्हणून, त्याला वाटलं समाजवाद्यांना दाबायला ही पोरं कामाला येतील. मग २८ ऑक्टोबर १९२२. पंतप्रधान फाक्ताने लष्करी कायद्याचा हुकूम तयार करून राजाकडे नेला, रोममधलं सैन्य त्या पावसात भिजलेल्या, धड हत्यारं नसलेल्या टोळ्यांना अडवायला पुरेसं होतं, आणि राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने सही करायला नकार दिला. मुसोलिनी तेव्हा मोर्चात नव्हताच, मिलानमध्ये होता. राजाचं बोलावणं आल्यावर रात्रीच्या रेल्वेने झोपून रोमला आला, ३० तारखेला पंतप्रधान झाला, आणि मोर्चेकऱ्यांचं रोममधलं मोठं संचलन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. आधी नेमणूक आणि मग मोर्चा, असा तो क्रम आहे.

इटलीबद्दल अजून एक गोष्ट, जी मी शिक्षक म्हणून विसरू शकत नाही. १९३१ मध्ये विद्यापीठातल्या सगळ्या प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. बाराशेच्या वर प्राध्यापक होते. नकार दिला साधारण बारा जणांनी, म्हणजे शंभरात एक. बाकीचे काही सगळे फॅसिस्ट नव्हते हो, कुणाला घर होतं, कुणाच्या पोरीचं लग्न असेल, कुणाला वाटलं मी गेलो तर माझ्या जागी खरा फॅसिस्ट येईल, त्यापेक्षा मी राहिलेलं बरं. हा शेवटचा विचार मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो कारण तो ऐकायला इतका बरोबर वाटतो.

आता जर्मनी. इथे थोडं थांबायला हवं कारण "हिटलर निवडून आला होता" हे वाक्य इतकं पसरलंय की ते खोडायला मला दर वर्षी एक पूर्ण तास लागतो.

सुरुवात हिटलरपासून करूच नका. सुरुवात करा २७ मार्च १९३० पासून. त्या दिवशी जर्मनीतलं बहुमत असलेलं शेवटचं सरकार पडलं, हर्मान म्युलरचं, आणि ते पडलं कशावरून तर बेरोजगारी विम्याचा हप्ता किती वाढवायचा या भांडणावरून. म्हणजे ज्या भांडणाला कुठल्याही ऑफिसात दोन मीटिंगमध्ये तोडगा निघाला असता त्यावर आघाडी मोडली, कारण कुणालाच मनापासून ती टिकवायची नव्हती. नंतर ब्र्यूनिंग चॅन्सेलर, म्हणजे तिथला पंतप्रधान, झाला, त्याच्याकडे बहुमत नव्हतं, पण राज्यघटनेत कलम ४८ होतं, आणीबाणीत राष्ट्राध्यक्षांनी वटहुकूम काढायचा. आणीबाणीसाठी ठेवलेलं हे औषध रोजच्या जेवणासारखं वापरायला लागले. आकडे बघा, १९३० मध्ये राइशस्टाग, म्हणजे त्यांची संसद, ९४ दिवस भरली. १९३१ ला चाळीसेक दिवस. १९३२ ला फक्त १३ दिवस. त्या अख्ख्या वर्षात संसदेने पाच कायदे केले आणि वटहुकूम निघाले साठच्या वर. हिटलर अजून सत्तेच्या दाराशीही नव्हता आणि संसद रिकामी झालेली होती! लोकांना तीन वर्षं सवय लागली की कायदे म्हणजे सकाळी पेपरात छापून येणारी गोष्ट, तिच्यावर कुणी चर्चा करत नसतं.

आता मतांचं. १९२८ ला नाझींना २.६ टक्के. १९३० ला १८.३. जुलै १९३२ ला ३७.३, तेव्हा बेकारांचा आकडा त्याच वर्षाच्या सुरुवातीला साठ लाखांवर गेलेला. हा कळस होता. नोव्हेंबर १९३२ ला परत निवडणूक झाली आणि वीस लाख मतं कमी झाली, ३३.१ टक्क्यांवर आले. पक्षाची तिजोरी रिकामी, कार्यकर्ते कुरकुरायला लागलेले. मुलांना मी इथे पुस्तक मिटायला सांगते आणि विचारते, तुम्ही डिसेंबर १९३२ मध्ये बर्लिनमधले पत्रकार आहात, काय लिहाल? जवळपास सगळे लिहितात की हिटलरची लाट ओसरली. आणि खरंच तेव्हाच्या भल्याभल्यांनी नवीन वर्षाच्या अंकात हेच लिहिलं होतं.

मग झालं काय? ४ जानेवारी १९३३ ला कोलोनमध्ये श्रोडर नावाच्या बँकरच्या घरी फ्रान्झ फॉन पापेन हिटलरला भेटला. पापेन आधी चॅन्सेलर होता, जनरल श्लायशरने त्याला खाली खेचलं होतं आणि आता स्वतः श्लायशर चॅन्सेलर, त्याचा सूड पापेनला घ्यायचा होता. म्हातारा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग हिटलरला चॅन्सेलर करायला तयार नव्हता, पापेनने त्याला पटवलं की मंत्रिमंडळात आपलीच माणसं जास्त असतील. आणि तसं होतंही, ३० जानेवारीच्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तीन होते, हिटलर, फ्रिक आणि गोरिंग. दोन महिन्यांत हिटलरला असा कोपऱ्यात दाबू की तो चीं चीं करेल, असं पापेन म्हणाल्याची नोंद आहे. पण त्या तिघांकडे काय होतं बघा. फ्रिककडे देशाचं गृहखातं, गोरिंगकडे प्रशियाचं गृहखातं, म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्याचे पोलीस. बाकीचे जंटलमन आपापली खाती घेऊन खूश.

आणि दोन महिन्यांत काय झालं ते तारखांनीच सांगते. २७ फेब्रुवारीला राइशस्टाग जळलं, २८ ला परत त्याच कलम ४८ खाली वटहुकूम काढून भाषण, छपाई, सभा, घराची झडती, सगळे मूलभूत हक्क स्थगित. ५ मार्चला निवडणूक, एवढी दहशत असूनही ४३.९ टक्के, निम्म्याच्या खालीच. २३ मार्चला क्रोल ऑपेरा हाउसमध्ये संसद भरली, कॉरिडॉरमध्ये गणवेशातले एसएचे, म्हणजे नाझींच्या खासगी दलाचे, लोक उभे, ८१ कम्युनिस्ट खासदार एक तर तुरुंगात नाही तर लपलेले. चार वर्षांसाठी सगळा कायदे करायचा अधिकार सरकारला देणारं बिल, त्याला दोन तृतीयांश मतं हवी होती. विरोधात बोलायला एकच माणूस उठला, सोशल डेमोक्रॅट ओट्टो वेल्स. आमचं स्वातंत्र्य आणि जीव तुम्ही घेऊ शकता, अब्रू नाही, असं तो त्या सभागृहात म्हणाला. विरोधात ९४ मतं पडली, सगळी त्याच्या पक्षाची. बाजूने ४४४. कॅथलिकांच्या सेंटर पार्टीने तोंडी आश्वासनांवर विश्वास ठेवून हो म्हटलं, आणि ते नाही म्हणाले असते तर बिल पडलं असतं का यावर अजून वाद होतात, मला स्वतःला वाटतं त्या दिवसापर्यंत फार उशीर झाला होता, खरा निर्णय जानेवारीत झाला.

म्हणून "निवडून आला" हे वाक्य असं लिहा: एक तृतीयांश लोकांनी मतं दिली आणि उरलेली किल्ली मूठभर लोकांनी एका महिन्यात हातात दिली. मतं देणाऱ्यांची जबाबदारी मी कमी करत नाहीये, ३३ टक्के म्हणजे एक कोटीच्या वर माणसं होती. पण फक्त लोकांवर ढकललं की पापेन आणि हिंडेनबर्ग सुटतात.

आता तुम्ही म्हणाल की किल्ली देणारा नाही म्हणाला असं कुठे झालं का? झालं ना, आणि ही उदाहरणं आपल्या सिलॅबसमध्ये नसतात याचं मला वाईट वाटतं. फिनलंडमध्ये १९३२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लापुआ या अतिउजव्या चळवळीचे हत्यारबंद लोक मँत्साला गावात जमले, सरकार उलथायचं म्हणून. राष्ट्राध्यक्ष स्विनहुफवुद स्वतः कट्टर उजवा, कम्युनिस्टविरोधी, वर्षभरापूर्वी याच लोकांच्या पाठिंब्यावर निवडून आलेला. तो रेडिओवर बोलला आणि म्हणाला घरी जा, जाल त्यांना शिक्षा नाही, पुढाऱ्यांना आहे. लोक घरी गेले. इटलीच्या राजाने जे केलं नाही ते याने केलं, आणि चळवळीवर बंदी आली. दुसरं बेल्जियम. १९३६ ला लेओं देग्रेलच्या रेक्स पक्षाने पहिल्याच फटक्यात २१ जागा घेतल्या. एप्रिल १९३७ मध्ये त्याने मुद्दाम ब्रसेल्सची पोटनिवडणूक घडवून आणली, तर खुद्द पंतप्रधान व्हान झीलांड समोर उभा राहिला, आणि कॅथलिक, लिबरल, समाजवादी, अगदी कम्युनिस्टांनीसुद्धा आपापले उमेदवार दिले नाहीत. पंतप्रधानाला तीन चतुर्थांश मतं, देग्रेलला एकोणीस टक्क्यांच्या आसपास. एकमेकांचं तोंड न बघणारे लोक एका कागदावर आले, एवढंच. मंदी तिथेही तीच होती.

बाल्टिक देश, ग्रीस, युगोस्लाव्हिया, रोमानिया, ऑस्ट्रिया यांच्याकडे मी फार जात नाही, तिथे राजाने किंवा सरकारात बसलेल्या माणसानेच संसद बंद केली, युगोस्लाव्हियात जानेवारी १९२९ ला राजाने, ग्रीसमध्ये ४ ऑगस्ट १९३६ ला मेटाक्सासने राजाच्या सहीने. उत्तरात एका ओळीत लिहा.

पोर्तुगालवर मात्र मला बोलायचंय, कारण माझं माहेरचं घर गोव्यातलं आहे आणि या विषयातला हा एकच हुकूमशहा असा की ज्याने मराठी बोलणाऱ्या, कोकणी बोलणाऱ्या लोकांवर प्रत्यक्ष राज्य केलं. आपल्या नोट्समध्ये सालाझारचं नावसुद्धा नसतं!

१९१० ला पोर्तुगालमध्ये राजा गेला आणि प्रजासत्ताक आलं. गोव्यातल्या हिंदूंसाठी ही फार मोठी गोष्ट होती, चर्च आणि सरकार वेगळं झालं, हिंदूंना कायद्यासमोर बरोबरी मिळाली, नोकऱ्या उघडल्या, मराठी वर्तमानपत्रं निघाली, शाळा निघाल्या. पण लिस्बनमध्ये हे प्रजासत्ताक सोळा वर्षांत चाळीसच्या वर सरकारं बघून थकलं. महायुद्धात गेले, कर्ज झालं, महागाई झाली. त्यात १९२५ ला एक असं प्रकरण झालं की ते ऐकताना मुलं खिळून बसतात. आल्व्हिश दुश रैश नावाच्या माणसाने खोटी करारपत्रं दाखवून, बँक ऑफ पोर्तुगालच्या नोटा छापणाऱ्या लंडनच्या त्याच कंपनीकडून वास्को द गामाचं चित्र असलेल्या ५०० एस्कुदोच्या नोटा लाखांनी छापून घेतल्या. नोटा खऱ्या छापखान्यातल्या, फक्त परवानगी खोटी. डिसेंबरमध्ये भांडं फुटलं, बँकेला त्या प्रकारच्या सगळ्याच नोटा मागे घ्याव्या लागल्या. ज्याच्या खिशात ती नोट होती त्या प्रत्येक माणसाचा प्रजासत्ताकावरचा विश्वास त्या रांगेत उभं राहून संपला असेल.

सहा महिन्यांत, २८ मे १९२६ ला, ब्रागा शहरातून जनरल गोमिश द कॉश्ता निघाला आणि लष्कर सत्तेवर आलं. पण लष्कराला हिशेब जमेना. राष्ट्रसंघाकडे कर्ज मागितलं तर ते म्हणाले तुमच्या तिजोरीवर आमची देखरेख, ते अपमानास्पद म्हणून सोडलं. मग कोइंब्रा विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला बोलावलं, अंतोनिओ द ऑलिव्हेरा सालाझार, शेतकऱ्याचा मुलगा, सेमिनरीत शिकलेला, लग्न न केलेला, सभा न घेणारा. १९२६ ला एकदा बोलावलं होतं तेव्हा अटी मान्य झाल्या नाहीत म्हणून काही दिवसांत गाडी पकडून परत गेला. २७ एप्रिल १९२८ ला परत आला तो एका अटीवर, कुठल्याही खात्याचा कुठलाही खर्च माझ्या मंजुरीशिवाय नाही. राष्ट्राध्यक्ष जनरल कार्मोनाने ती अट मान्य केली, आणि माझ्या मते पोर्तुगालची हुकूमशाही त्या दिवशी सुरू झाली, संचलन नाही, मशाली नाहीत, अर्थमंत्र्याच्या टेबलावर. वर्षभरात बजेट शिलकीत आलं, लोकांना हायसं वाटलं. ते हायसं वाटणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते इतकं महाग पडलं.

१९३२ ला तो पंतप्रधान झाला. १९ मार्च १९३३ ला नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेतलं, आणि जे मतदानाला आलेच नाहीत त्यांचंही मत होकारात धरलं. म्हणजे घरी बसणं हासुद्धा पाठिंबा! चार दिवसांनी बर्लिनमध्ये क्रोल ऑपेरा हाउसचं ते मतदान झालं. त्याच वर्षी राजकीय पोलीसदल उभं राहिलं, तेच पुढे पिदे म्हणून ओळखलं गेलं.

गोव्याला त्याआधीच फटका बसला होता. जुलै १९३० मध्ये सालाझारने आक्तु कुलुनियाल, वसाहतींचा कायदा आणला, त्यात लिहिलं की वसाहती ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणं हा पोर्तुगीज राष्ट्राच्या मूळ स्वभावाचाच भाग आहे. प्रजासत्ताकाने जी बरोबरी देऊ केली होती ती एका कागदाने खाली आणली. तेव्हा पणजीत विधिमंडळात लुईस द मिनेझिस ब्रागांझा उभे राहिले आणि आमचा स्वयंनिर्णयाचा हक्क आम्ही सोडलेला नाही असा ठराव मांडला. पोर्तुगीजमध्ये लिहिणारा, पोर्तुगीज संस्कृतीत वाढलेला माणूस, त्यांच्याच भाषेत त्यांना नाही म्हणाला. मला तो आणि ओट्टो वेल्स एकाच वर्गात बसलेले दिसतात. दोन वर्षं आधीच, १९२८ ला, टी. बी. कुन्हांनी गोवा काँग्रेस कमिटी काढली होती. १९४६ ला लोहियांच्या मडगावच्या सभेनंतर कुन्हांना पकडून, लष्करी कोर्टापुढे उभं करून पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं.

तुमच्या प्रश्नाचा एक भाग असाही होता की सामान्य माणसाला रोजच्या जगण्यात हे जाणवायचं का. माझे आजोबा म्हापशाला एका छापखान्यात कंपोझिटर होते, घरी कोकणी बोलायचे आणि दिवसभर मराठी खिळे जुळवायचे. तेव्हा गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय छापता यायची नाही. प्रूफ काढायचं, वाळवायचं, टोपी घालून कचेरीत न्यायचं, बाकावर बसायचं. साहेब वाईट नव्हता म्हणायचे, पोरांची चौकशी करायचा. एकदा कुठल्याशा पत्रिकेत खाली "आपले नम्र" मध्ये जी चार-पाच नावं असतात त्यातलं एक निळ्या पेन्सिलीने खोडून आलं, तो माणूस मुंबईत गोव्याच्या चळवळीत होता, मुलीचा सख्खा मामा. आजोबांनी नाव काढलं, मोकळी पडलेली जागा दिसू नये म्हणून बाकीची नावं थोडी थोडी सरकवून ओळ भरून घेतली. मुलीच्या आईने पत्रिका हातात घेतली, वाचली, आणि काही बोलली नाही, एवढंच ते सांगायचे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यानंतर पहिली पत्रिका छापायला आली तेव्हा आजोबांनी नेहमीसारखं प्रूफ काढलं, वाळवलं, टोपी घातली आणि दारापर्यंत गेले, तेव्हा मालकाने मागून हाक मारली की अहो कुठे निघालात, कचेरी बंद झाली.